दोन फेनिंगची नोंद

परवा दुपारी जेवण झाल्यावर आडवी पडून जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररची नेदरलँड्सच्या प्रवासाची डायरी चाळत होते. डायरी म्हणायची इतकंच, आहे ती खर्चाची वही. न्हाव्याला अमुक दिले, खेळात तमुक हरलो. १५२० साली जर्मनीतल्या कोलोन शहरात असताना मधेच एक ओळ येते: कोलोनच्या मास्टर स्टेफानने केलेलं चित्र उघडून दाखवायला दोन पांढरे फेनिंग (तिकडची नाणी) दिले. बस्स. चित्र कसं होतं, आवडलं का, चकार शब्द नाही. एवढा मोठा चित्रकार, आणि नोंद मात्र पक्क्या कारकुनाची!

माझे आजोबा असेच. रात्रीची जेवणं आटोपली की कंदील पुढे ओढून रोजखर्डा लिहायला बसायचे. आत्या जन्मली त्या दिवशीच्या पानावर आहे ‘सुईणीस लुगडं, पेढे, सव्वा रुपया’. मुलगी झाली, हे नाहीच. आत्या म्हातारपणीही ते पान काढून चिडायची. मी मात्र अशा वह्या मिळतील तिथे वाचते. पत्र लिहिताना माणूस जरा सावरून बसतो, खर्च लिहिताना त्याला तेवढं भान नसतं.

तर ते चित्र दारांचं. मिटलं की बाहेरून मेरी आणि तिला येशूच्या जन्माची बातमी सांगणारा देवदूत गॅब्रिएल दिसतात; उघडलं की आत सोन्याच्या झगमगाटात बाळ येशूसमोर त्याला भेटायला आलेले तीन राजे, एका दारावर संत उर्सुला आणि तिच्या कुमारिका, दुसऱ्यावर संत गेरेऑन आणि त्याचे शिपाई. या तीन राजांच्या अस्थी ११६४पासून कोलोनमध्ये आहेत, म्हणजे ते गावचेच झाले. चित्र आज कॅथेड्रलमध्ये आहे, पण केलं होतं नगरपरिषदेच्या प्रार्थनाघरासाठी. आणि ते प्रार्थनाघर उभं राहिलं सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, जागेवर, १४२४मध्ये शहरातल्या ज्यूंना हाकलून दिल्यावर.

मास्टर स्टेफानची सही एकाही चित्रावर नाही. ड्यूररची ती ओळ आणि शहराच्या दप्तरातला स्टेफान लोखनर नावाचा चित्रकार, ही जोडी एकोणिसाव्या शतकात कुणी तरी जुळवली, म्हणून आपल्याला तो नावानिशी माहीत. तिच्यावर शंका घेणारे आहेतच, असू देत. दप्तरातला लोखनर बघा कसा प्रपंचातला माणूस आहे. १४४२मध्ये राजा फ्रेडरिक तिसरा येणार म्हणून सजावटीचं काम केल्याचे पैसे घेतोय, घरं विकत घेतोय, १४४७मध्ये चित्रकारांच्या संघातर्फे नगरपरिषदेवर निवडून जातोय. (कोलोनचा दप्तरखानाही ३ मार्च २००९ रोजी भुयारी रेल्वेच्या खोदकामापायी जमीनदोस्त झाला. कागद चिखलातून उपसून काढावे लागले.)

माझं लाडकं चित्र मात्र वेगळं, कोलोनच्याच वालराफ संग्रहालयातलं. उंची हातभराहून जराशीच जास्त. गुलाबांच्या मांडवाखाली निळ्या वस्त्रातली मेरी बसलेली, भोवती चिमुकले देवदूत वाद्यं वाजवताहेत. मेरीचा चेहरा इतका गोंडस की एरवी मला अशा गोडव्याचा कंटाळाच येतो. इथे का येत नाही, ते मलाही सांगता येणार नाही. वरच्या कोपऱ्यांत दोन देवदूत पडदा बाजूला धरून उभे आहेत. म्हणजे इथे उघडून दाखवणारे चित्रातच नेमलेले, ड्यूररचे दोन फेनिंग वाचले असते. तिकीट काढावं लागतं, ही गोष्ट निराळी.

१४५१च्या उन्हाळ्यात कोलोनमध्ये प्लेग होता. त्याच सुमारास लोखनरचे आईवडील तिकडे दूर, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या मेअर्सबुर्गला वारले. वारसाहक्कासाठी तो स्वतः येऊ शकत नाही, असं पत्र ऑगस्टमध्ये कोलोनच्या नगरपरिषदेने तिकडे पाठवलं. सप्टेंबरात त्याच्या वस्तीतल्या संत आल्बानच्या चर्चने प्लेगची प्रेतं पुरायला नव्या जागेची परवानगी मागितली. ती जागा लोखनरच्या घराला लागूनच होती. वर्ष संपायच्या आत तोही गेला. तेव्हा तो असेल चाळीस-एक वर्षांचा.