वाळा: चिरलेला ड्रम उघडला, पश्चिमेची मुळं गायब

मंडळी, चिरलेल्या ड्रमची युक्ती जमली. 200 लिटरचा निळा ड्रम उभा कापून, कडांना भोकं पाडून जीआय तारेनं आवळला होता. तार सोडून अर्धा भाग बाजूला घेतला, तर वाळ्याचा अख्खा ठोंब मुळांसकट उभा! आपल्या काळ्या मातीत खणताना निम्मी मुळं तुटून आतच राहतात. इथे तळापर्यंत सलग निघाली. कन्हान नदीच्या रेतीतलं मूळ जाड, सरळ, फिकट सोनेरी. पाण्याचा हबका मारताच वास सुटला.

पण पश्चिमेची बाजू रिकामी. ड्रमच्या भिंतीपासून वीतभर आतपर्यंत नुसते तपकिरी धागे, चिमटीत धरले की साल सुटून येते. पूर्वेकडे मात्र बोट शिरणार नाही इतकी दाट जाळी.

पाणी साचल्याचा संशय आधी काढून टाका. वाळा पाण्यात उभा राहू शकतो, आणि सगळ्यात ओल्या तळाशी मुळं ठणठणीत आहेत. हुमणी (मुळं खाणारी कीड) असती तर कुरतडलेली टोकं आणि अळ्या सापडल्या असत्या. शिवाय ती दिशा बघून खात नाही. उरतं ते ऊन. पावसाळ्यात लावलेला वाळा 15 ते 18 महिन्यांनी काढायचा, म्हणजे मधला एक नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) त्याला ड्रममध्येच काढावा लागतो. हवा 45-46 अंशांवर असताना, दुपारभर ऊन खाणाऱ्या गडद प्लास्टिकला टेकलेली रेती त्याहून तापते. पात्याला ते सोसतं, मुळाच्या कोवळ्या टोकाला नाही. आणि कुंडीतली मुळं नेमकी भिंतीकडेच धावतात. वरची रेती लवकर सुकते म्हणून नुकसान वरच्या दोन तृतीयांशात जास्त.

उपाय भिंतीवर करायचा. आधी चुन्याचे दोन हात. चुन्यात थोडा फेविकॉल घातला की पहिल्या पावसात उतरत नाही. त्यावर बारदानाचे दोन थर, आणि नवतप्यात ते सकाळी व दुपारी ओले करायचे. माठ गार राहतो त्याच न्यायानं ड्रम गार राहतो, कारण मे महिन्यात आपली हवा कोरडी असते. बोअरचं पाणी जड असेल तर बारदानावर पांढरा थर चढून ते पाणी शोषेनासं होतं. मग सरळ बदला.

ड्रम अर्धा जमिनीत पुरायची सूचना आली होती. काळ्या मातीत ती नको. उन्हाळ्यात माती आकसून ड्रमभोवतीच भेग पडते आणि गरम हवा आत जाते. पावसाळ्यात फुगून ती ड्रम अशी आवळते की उघडायची सोयच संपते. हे लिहिता लिहिता दुसरं सुचतंय: चार ड्रम एकमेकांना चिकटवून, पश्चिमेला बांबूचा तट्टा उभा करायचा आणि मधल्या वीतभर फटीत तणस (धानाचा पेंढा) भरायची. वाळवी लागू नये म्हणून खाली विटांचा थर. बारदान मग फक्त उरलेल्या उघड्या बाजूंना. यंदा हेच करू.

भरण तेच: 3 भाग रेती, 1 भाग चाळलेलं कुजकं शेणखत. रेती घेताना मिस्त्रींची चाचणी करा. बाटलीत रेती, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि निवळू द्या. वर बसलेला गाळ रेतीच्या 8 टक्क्यांहून जास्त असेल तर ती रेती घेऊ नका. प्लास्टरची बारीक रेती दगडासारखी बसते, स्वस्त मिळाली तरी नको.

मुळं धुताना घासू नका, नळाची धारही नको; तेल सालीच्या आतल्या थरात असतं, साल गेली की वास गेला. पाण्यात बुडवून हलवा, मग सावलीत एक-दोन दिवस.

कुलरच्या ताटीचा वाळा माठात टाकू नका. त्यात तेल काढून घेतलेली मुळंही खपवतात. भिजवल्यावरही वास आला नाही तर तीच समजा. शिवाय वाळा सांडपाण्यातले जड धातू शोषून मुळांत साठवतो, म्हणून नागपूरच्या नाग नदीकाठचा किंवा कुठला ते ठाऊक नसलेला वाळा पिण्याच्या पाण्यात नकोच.

ठोंबाचे 2-3 काड्यांचे फुटवे करून, पाती 15-20 सेंटीमीटरवर छाटून ओल्या वाफ्यात लावलेत. वाण ‘केएस-1’ आहे, तुरे येतील ते कापत राहायचे. पाऊस स्थिरावला की ड्रममध्ये, एका ड्रमला तीनच.