तुम्ही विचारलंत म्हणून: कॅज्युअल्टी कुठली चांगली?

लग्न असो की एसटीचा स्टॉप, कोणीतरी गाठतंच. "तू हॉस्पिटलच्या क्वालिटीच्या कामात आहेस ना, मग सांग, कॅज्युअल्टी कुठली चांगली? रत्नागिरीतच थांबायचं की सरळ कोल्हापूर?" मी काहीतरी पुटपुटते, मग म्हणतात हिला सांगायचंच नाहीये. तसं नाही हो. मी मिनिटं मोजते. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांत निघाला का, हे मोजणं मला आजही पटतं, 'गॅस झालाय' म्हणून सोडा पाजून बाकावर बसवलेली माणसं पाहिलीत मी.

पण त्या फुरसं (विषारी साप) चावलेल्या काकांचं काय करू? सड्यावर गवत कापताना सकाळी चावलं. आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे लगेच बघितलं, लगेच रेफर, रजिस्टरला वेळ एकदम झकास. मग गाडी मिळेना. आमच्याकडे पोचले तेव्हा अंधार पडलेला, पाय सुजलेला. कोऱ्या काचेच्या नळीत रक्त घेतलं, २० मिनिटं न हलवता ठेवलं, तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं, गुठळी नाहीच, म्हणजे विष रक्तात भिनलेलं, विषावरची लस चालू केली. (इथे २० मिनिटं थांबणं हेच काम असतं, आणि नळी प्लास्टिकची असली तर टेस्टचा भरवसा नाही, पण 'नळी कसली' असा रकाना आमच्या फॉर्मात नाही.) पुढे लघवी कमी झाली, डायलिसिससाठी आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवलं. आमचीही वेळ झकास.

काही महिन्यांनी मुलगा कागद न्यायला आला तेव्हा कळलं, काका गेले. कागद वाचून म्हणाला, "मॅडम, साप सकाळी चावला, तुमच्यात रात्रीपासून कसं लिहिलंय?" मी सांगितलं की आमचं घड्याळ आमच्या दारात सुरू होतं. तो "बरं" म्हणाला.

इंग्लंडात २००४ पासून कॅज्युअल्टीतले ९८ टक्के पेशंट ४ तासांत मार्गी लावायचे ठरलं, तर ४ तास भरत आले की पेशंट वॉर्डात हलवायची झुंबड उडायची. २०१० मध्ये ९८ चे ९५ केले. पूर्वीची मी म्हणाली असती, ते तिकडचं, आमचं रजिस्टर खोटं बोलत नाही. अगं नाहीच बोलत, पण दोन्हीकडे वेळ झकास आणि माणूस गेला, हे कुठल्या रकान्यात लिहू? आणि मोजणंच बंद करा म्हणालात तरी मी भांडेन, आधी तर कोण किती वाजता आलं हेसुद्धा कोणी लिहीत नव्हतं.

रेफर केलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी फोन करायचा, असा एक रकाना मी मागितलाय. सध्या 'फोन कोणी करायचा' यावर मीटिंगा चालल्यात.