लेखनाचा पदवी अभ्यासक्रम सुरू करताय? आधी तपासणीचे तास मोजा

लेखन आणि वक्तृत्व हा पदवीचा मुख्य विषय करायचा म्हटलं की पहिली चर्चा पाठ्यपुस्तकांची होते. ती शेवटी करा. चार श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) थिअरी पेपर म्हणजे सत्रात ६० तास. वर्गात ६० मुलं, प्रत्येकाचे चार लेख, प्रत्येक लेखाचे दोन खर्डे, म्हणजे झाले ४८० खर्डे. एकाला १५ मिनिटं धरली तरी नुसत्या तपासणीला १२० तास, शिकवण्याच्या दुप्पट. शिक्षकांच्या वर्कलोडच्या तक्त्यात हे तास कुठेच नसतात. मग गणपतीपर्यंत दुसरा खर्डा गळतो आणि दिवाळीपर्यंत उरतं ते ‘पत्रलेखनाचे प्रकार’ उतरवून देणं.

म्हणून विषय प्रात्यक्षिकाचा धरा. रसायनशास्त्रासारख्या वीस-वीसच्या बॅचेस करा. प्रात्यक्षिकाला श्रेयांकामागे ३० तास मिळतात, त्यामुळे खर्डा मुलासमोरच वाचून होतो.

पहिल्या सत्रात वाद घालता येईल असं विधान करायला शिकवलं तरी पुष्कळ. ‘पुण्यात वाहतूक कोंडी ही गंभीर समस्या आहे’ याला नाही कोण म्हणणार? त्यावर पानं भरतात, लेख हलत नाही. ‘लक्ष्मी रस्त्यावर दुचाकी लावायला पैसे घ्यावेत’ म्हटलं की दुकानदार लगेच उभा राहतो. आता त्याचा पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, असा लिहायचा की वाचून तो म्हणाला पाहिजे, ‘बरोबर, हेच म्हणतोय मी.’ मुलं इथे अडखळतात, कारण वादविवाद स्पर्धांत समोरच्याला मूर्ख ठरवलं की टाळ्या पडतात. (पुण्यात करंडकांना तोटा नाही, सवय पक्की असते.)

तपासताना न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले, युक्तिवादाचे पाच अवयव हाताशी ठेवा: प्रतिज्ञा (विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण आपल्या मुद्द्याला लावून दाखवणं), निगमन (निष्कर्ष). गायब असतो तो बहुधा उपनय. दुसऱ्या शहराचं उदाहरण येतं आणि थेट निष्कर्ष. ते लक्ष्मी रस्त्याला लागू का, हे राहूनच जातं.

शेवटी तीन तासांचा लेखी पेपर ठेवलात तर सगळं मुसळ केरात. खर्डा सुधारायला शिकवायचं आणि गुण पहिल्याच खर्ड्याला! त्याऐवजी फाइल घ्या: दोन लेख सर्व खर्ड्यांसकट, काय बदललं आणि का याची पानभर नोंद, वर १० मिनिटांची तोंडी. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला लेख बहुतेक वेळा तोंडीतच उघडा पडतो. परीक्षकांनी आधी त्याच पाच फाइली वेगवेगळ्या तपासून गुण ताडून पाहावेत. शंभरात दहाच्या वर फरक पडला, तर निकषांतून ‘ओघवती शैली’सारखे मोघम शब्द काढा आणि पुन्हा तपासा.