पोटभाडेकरू

घरातलं नेट पूर्ण गेलं तर तितकासा त्रास होत नाही. कुणीतरी कंपनीला फोन लावतं, बाकीचे कपाटं आवरायला घेतात, एखाद्या तासात सगळे निवांत होतात. जीव खातं ते येतं-जातं राहणारं नेट. प्रत्येक खोलीतून वेगळ्या वेळी "गेलं!" असा पुकारा होतो आणि आपण हातातलं काम टाकून बघायला जाईपर्यंत ते आलेलं असतं. तक्रार करायची तरी कशाची करणार?

आमच्याकडे हे जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झालं. गोरेगावातली आमची इमारत जुनी. भिंती नऊ इंची विटांच्या, त्यात पाण्याच्या पायपा, बेडरूममध्ये आरशाचं लोखंडी कपाट. एकट्या राउटरचं नेट दिवाणखान्याचा उंबरा ओलांडत नव्हतं, म्हणून मेश वायफाय घेतलं होतं. एक मोठा डबा फायबरच्या मोडेमला जोडलेला, आणि दोन छोटे: एक सासूबाईंच्या खोलीत, एक पॅसेजमध्ये. लेकीने त्यांचं नाव 'पिल्लं' ठेवलं आणि तेच रूढ झालं. पिल्लांना वायर नाही. ती मोठ्याकडून हवेतूनच नेट घेतात आणि पुढे वाटतात. या मधल्या हवेतल्या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. तीच तुटली तर पिल्लू तुमच्या मोबाइलला वायफायच्या सगळ्या काड्या भरून दाखवत राहतं आणि प्रत्यक्षात काही म्हणजे काही देत नाही. पंचाईत इथेच असते, कारण काड्या बघून माणूस कंपनीला शिव्या देतो.

एका सकाळी राउटरच्या ॲपवर हिरवी खूण आली होती. पहाटे तीनला नवं फर्मवेअर, म्हणजे डब्यांना चालवणारा आतला प्रोग्रॅम, बसलं, तुमचं नेटवर्क आता अधिक वेगवान झालं आहे वगैरे. बसवू का, म्हणून विचारलं कुणीच नव्हतं. त्याच दुपारी सासूबाई टॅबलेट हातात धरून बाहेर आल्या. "अगं, बुवा पुन्हा तोंड उघडून थांबलेत." कीर्तनाचा पूर्वरंग संपून आख्यान लागायच्या आतच बुवा थिजले होते. मग हे रोजचंच झालं. नवरा मीटिंगमध्ये बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर गायब व्हायचा आणि परत आल्यावर पहिल्यापासून तेच सांगायचा. मला वाटतं, त्याच्या ऑफिसातल्या लोकांना त्याचा फारसा फरक पडला नसावा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. नेटवाल्या मुलाचं ठरलेलं: "मॅडम, मोडेमवर लाल लाइट लागतेय का? नाही ना? मग आमच्या साइडने सगळं ओके आहे." सोसायटीच्या ग्रुपवर निम्म्यांनी "बंद करून चालू करा" सांगितलं, उरलेल्यांनी आपापल्या कंपनीची जाहिरात केली. बंद करून चालू केलं. डब्यांच्या आतल्या सगळ्या सेटिंग्ज पुसून नव्याने सेटही केलं, कारण अपडेटनंतर जुन्या सेटिंग्ज आत अडकून राहतात असं म्हणतात आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. अपडेटने सुरक्षेचा नवा प्रकार आपणहून चालू केला होता, त्याने प्रिंटर रुसला होता; ते जुन्यावर आणलं. मोडेम आणि मोठा डबा दोघेही घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचे पत्ते वाटत बसले होते, ते काम एकाकडेच ठेवलं. या सगळ्याने प्रिंटर सुधारला. बुवा थांबायचे ते थांबतच राहिले.

शेवटी लॅपटॉप घेऊन सासूबाईंच्या खोलीत बसले आणि पिंग लावला. पिंग म्हणजे दर सेकंदाला एक हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते बघायचं. दोन खिडक्या उघडल्या. एकीतून बाहेरच्या जगाला हाक, दुसरीतून आपल्याच दिवाणखान्यातल्या मोठ्या डब्याला. बाहेरची हाक वाया गेली आणि घरातलीला उत्तर मिळालं, तर दोष कंपनीचा. दोन्ही गेल्या, तर घरातलाच. इतकी साधी परीक्षा आहे, पण नेटवाला कधी सांगत नाही. सांगेल कशाला?

काळ्या पडद्यावर ओळी चढत होत्या. तीन मिलिसेकंद, चार, तीन, तीन, पाच. सासूबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. "हे काय, नाडी बघतेस?" म्हणाल्या. तेवढ्यात दोन्ही खिडक्यांत एकदमच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पुन्हा तेच. पुन्हा. मी घड्याळ बघत होते. नुसती ठेच लागली असती तर चार-पाच सेकंदांत ओळी परत सुरू झाल्या असत्या. इथे मिनिट उलटलं, थोडं वर गेलं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात: चार, तीन, तीन. दोन गोष्टी लक्षात आल्या. कंपनीचा मुलगा खरं बोलत होता. आणि हे मिनिटभराचं गप्प बसणं चुकून होत नव्हतं, कुणीतरी मोजून गप्प बसत होतं.

राउटरची नोंदवही, म्हणजे सिस्टिम लॉग, ॲपमध्ये दिसत नाही. लॅपटॉपवरून डब्याच्या आत शिरावं लागतं. तिथे शेकडो निरर्थक ओळींमध्ये ती ओळ होती: रडार डिटेक्टेड, चॅनल चेंज्ड. थोड्या ओळी खाली, अर्ध्या तासाने, जुन्या चॅनलवर परत. मग पुन्हा रडार.

मी नवऱ्याला हाक मारली. "आपल्या घरात रडार आहे." तो मीटिंगमधून म्यूट करून आला, वाचलं आणि म्हणाला, "बरोबर. नाहीतरी आईला सगळं कळतंच." सासूबाई शेंगा सोलत राहिल्या.

भानगड अशी आहे. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग मुळात वायफायचा नाहीच. तिथे आधीपासून रडारं आहेत. २००३ साली जिनिव्हात जागतिक रेडिओ परिषद भरली, तेव्हा हा पट्टा वायफायला खुला झाला तो अटींवर. आपण तिथे पोटभाडेकरू. मूळ भाडेकरू कधीही येईल, आणि आला की आपण निघायचं. खोलीत, म्हणजे त्या पट्ट्यातल्या एखाद्या चॅनलवर, शिरण्याआधी ६० सेकंद दाराशी उभं राहून आत कुणी आहे का ते ऐकायचं, तोवर चकार शब्द काढायचा नाही. राहत असताना रडारची चाहूल लागली तर १० सेकंदांत गाशा गुंडाळायचा, आणि त्यानंतर निदान ३० मिनिटं त्या खोलीकडे फिरकायचं नाही. युरोपात तर हवामानाच्या रडारांच्या पट्ट्यात दाराबाहेर थांबायचा वेळ १० मिनिटांचा आहे. भारतात हे सगळे पट्टे विनापरवाना वापरायला मिळाले ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे आपण पोटभाडेकरूही अलीकडचेच.

मग आधी हा त्रास का नव्हता? आधी आमचा राउटर ३६ नंबरच्या चॅनलवर, ८० मेगाहर्ट्झची जागा घेऊन राहत होता. ३६ ते ४८ या भागात रडारची कटकट नाही. नव्या फर्मवेअरने ठरवलं की यांना १६० मेगाहर्ट्झ देऊ. जागा दुप्पट, वेग दुप्पट, ॲपमधला आकडा दुप्पट. पण १६०साठी वीस-वीसचे आठ चॅनल सलग लागतात, आणि रडारचा पट्टा टाळून सलग आठ कुठे मिळतच नाहीत. मग त्याने १०० ते १२८ हा तुकडा धरला. शेवटचे तीन, १२० ते १२८, हे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये येतात. हवामानाची सी-बँड, म्हणजे याच टापूतल्या लहरींवर चालणारी, रडारं नेमकी तिथेच असतात. आणि आमच्यापासून फार लांब नाही, अंधेरीला वेरावलीच्या टेकडीवर, हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार जानेवारी २०२२ पासून फिरतंय.

लॉगमध्ये रडारचं नाव-गाव लिहिलेलं नसतं. राउटर फक्त मायक्रोसेकंदांचे ठोके आणि त्यांच्यातलं अंतर मोजतो आणि जुळलं की घाबरतो. कित्येकदा शेजारच्या वायफायच्या गोंगाटालाही रडार समजतो. फर्मवेअर बदललं की त्याचे कान कमी-जास्त तिखट होतात, हेही या धंद्यातलं नेहमीचंच. तरी मी मनाशी वेरावलीच धरलं. सासूबाईंना सांगितलं की तिकडे पावसाचं रडार आहे, ते ढग बघतं, म्हणून आपला राउटर मिनिटभर गप्प बसतो.

"पावसाचं ना? मग बसू दे गप्प," त्या म्हणाल्या. २६ जुलै २००५ ला सासरे दादरहून चालत निघाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, छातीपर्यंत चिखल. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईत बसलेल्याला उपनगरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. ज्या घराने ती रात्र काढली, त्या घरात रडारविरुद्ध कुणी बोलणार नाही. माझा राग उरला तो आकड्यापायी आम्हाला न विचारता त्या खोलीत नेऊन ठेवणाऱ्या अपडेटवर.

या निमित्ताने वाचत गेले तर आणखी एक गंमत हाती लागली. भिंतींवर आपटून येणारे रेडिओलहरींचे प्रतिध्वनी ही घरातल्या वायफायची मूळ अडचण. त्यावरचं एक महत्त्वाचं उत्तर नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत सापडलं, आणि तिथल्या चमूचे प्रमुख जॉन ओ'सलिवन हे रेडिओ खगोलशास्त्राच्या वाटेने आलेले. कृष्णविवरांचे क्षीण संदेश शोधता शोधता जमवलेलं गणित इथे कामी आलं. याच संस्थेत पन्नासच्या दशकात गोविंद स्वरूप शिकायला गेले होते. तिथल्या पॉट्स हिलच्या जुन्या ३२ डिश त्यांनी पुढे भारतात आणवल्या आणि १९६५ मध्ये त्यांची दुर्बीण उभी केली ती कल्याणला. माझं माहेर कल्याणचं! शाळेत आम्हाला दुर्गाडी किल्ला आणि खाडी पाठ होती, पण गावात बसून कुणी सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकल्या होत्या, हे कुणी सांगितलं नाही. खोडदची मोठी दुर्बीण सगळ्यांना ठाऊक, तिच्या आधीची ही कुणाला नाही. भावाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "कुठे होती? प्लॉट रिकामा आहे का अजून?"

दुरुस्ती मात्र दोन मिनिटांची निघाली. 'ॲडव्हान्स्ड' नावाच्या, घाबरवून परत पाठवण्यासाठीच लिहिलेल्या पानावर चॅनल 'ऑटो'वरून काढून ३६ वर ठेवला, रुंदी १६०ची ८० केली. पॅसेजमधलं पिल्लू स्टीलच्या डब्यांच्या फळीआड सरकलं होतं, ते पुढे घेतलं. सासूबाईंनी त्यावर टाकलेला क्रोशाचा रुमाल काढला, कारण कापडातून लहरी जातात पण डब्याची ऊब जात नाही. रात्री पिंग लावून ठेवला. तीन, चार, तीन, तीन, चहा होईपर्यंत, जेवणं होईपर्यंत.

तक्रार आली ती लेकीची. "आई, स्पीड अर्धा झाला." तिने ॲपमधला आकडा दाखवला, खरंच जवळजवळ अर्धा होता. मी विचारलं, काय हळू चालतंय? तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "चालतंय सगळं. पण आकडा वाईट दिसतो." आकड्याचं तिला वाटतं ते राउटरच्या कंपनीलाही वाटत असणार, त्याशिवाय का पहाटे तीनला उठून कुणी दुसऱ्याच्या भिंती मोजेल.

अपडेट कायमचं बंद करता येत नाही, आणि करूही नये. सुरक्षेतली भोकं बुजवण्यासाठी ते लागतंच. फक्त वेळ बदलता येते. मी पहाटे तीन काढून रविवार सकाळी अकरा टाकले. त्या वेळी सगळे घरी असतात, कीर्तन लागायचं असतं, आणि चॅनल पुन्हा १००वर उडी मारताना दिसला तर त्याला तिथेच धरता येईल.