ठाणे : बाजारपेठेतल्या बंबापासून गच्चीपर्यंत

साताऱ्याहून ठाण्याला मी मावशीकडे केवळ विश्रांतीसाठी गेले होते. तलावपाळीवरच्या दोन संध्याकाळी आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवरची असह्य गर्दी, यापलीकडे पहिल्या काही दिवसांविषयी सांगण्यासारखे काही नाही. मग मावशीचा गीझर बंद पडला आणि तिच्याबरोबर मी कौपिनेश्वर मंदिराजवळच्या बाजारपेठेतील एका जुन्या दुकानात गेले.

त्या दुकानात गीझर विकले जातात, दुरुस्त होतात आणि पाणी तापवणाऱ्या सौर यंत्रणाही बसवून मिळतात. पण माळ्यावर अजून आंघोळीचे पाणी तापवायचे तांब्याचे दोन बंब ठेवलेले आहेत. गल्ल्यावर बसलेल्या काकांचे आजोबा भांड्यांना कथलाचा मुलामा देत, म्हणजे कल्हई करत असत आणि बंबांचे तळ बदलून देत असत. वडिलांच्या काळात वातीचे आणि पंपाचे स्टोव्ह दुरुस्तीला येऊ लागले. काकांनी स्वतः विजेचे गीझर आणले आणि त्यांचा मुलगा आता गच्च्यांवर सौर नळ्या बसवतो. आम्हाला स्टूल दिले, चहा मागवला आणि मावशीच्या गीझरची कॉइल उघडून होईपर्यंत काका मनापासून बोलत राहिले. ठाण्यात इतका निवांत पाहुणचार मला अन्यत्र मिळाला नाही.

बंब त्यांनी खाली काढून दाखवला. मधोमध धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, तळाशी जाळी आणि तिच्याखाली राखेची जागा. जाळ पाण्याच्या पोटातूनच वर जात असल्यामुळे मूठभर करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीला पुरत. त्यांच्या आजोबांचा नियम एकच होता : आधी पाणी, मग जाळ. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते; पाणी असेपर्यंत भांडे शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पण कोरडा बंब पेटवला तर कल्हई उतरते आणि सांधे सुटतात. दुरुस्तीला येणाऱ्या बंबांपैकी बरेचसे असेच कोरडे जळालेले असत.

१९५५ मध्ये मुंबईत बर्शेन नावाच्या स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आला, पुढे तो ठाण्याच्या स्वयंपाकघरांतही पोहोचला आणि चुलीबरोबर बंबही मागे पडला. चाळी पाडून इमारती उभ्या राहिल्यावर धूर सोडायला परसच उरले नाही, हे कारण काकांना अधिक मोठे वाटते आणि मलाही ते पटले. धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका संपला, असे मात्र झाले नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसवून द्यायला काका साफ नकार देतात, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, असे ते शांतपणे म्हणाले. अशा दुकानदाराविषयी मला आदर वाटतो.

मावशीच्या गीझरच्या कॉइलवर क्षारांचा जाड थर होता. टँकरचे आणि बोअरचे जड पाणी, दुसरे काय! काकांच्या मुलाने विचारले, "मावशी, तुमच्या इमारतीवर तर सोलर आहे ना? मग गीझर रोज कशाला लावता?" मावशीला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो घोडबंदर रस्त्यावरच्या तिच्या सात मजली इमारतीत आला आणि आम्ही तिघे गच्चीवर गेलो.

तिथे जे दिसले त्याचा राग अजून गेलेला नाही. सौर यंत्रणेच्या चारही टाक्या कोरड्या होत्या, व्हॉल्व्ह बंद होता आणि काचेच्या नळ्या रिकाम्याच उन्हात तापत होत्या. दोन काचांमधल्या निर्वात पोकळीमुळे अशा रिकाम्या नळीच्या आतले तापमान २०० अंशांच्या वर जाऊ शकते. मी नळ उघडायला हात पुढे केला, तेव्हा मुलाने मला अडवले, कारण तापलेल्या नळीत थंड पाणी शिरले की काच तडकते. भरायचे तर पहाटे, ऊन येण्यापूर्वी. आजोबांचा बंबाचा नियम इथेही तसाच लागू होता. त्याने एकेका नळीचे खालचे टोक तपासले : तिथला चंदेरी डाग शाबूत असेल तर निर्वात पोकळी टिकलेली असते आणि तो पांढरा पडला असेल तर नळी निकामी झालेली असते. बहुतेक नळ्या चांगल्या निघाल्या.

ठाणे महापालिकेने नव्या इमारतींना ही यंत्रणा बंधनकारक केली, हे धोरण मला अत्यंत योग्य वाटते. अशा एका टाकीतले दोनशे लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ८ युनिट वीज लागते, म्हणजे त्या गच्चीवरची प्रत्येक टाकी उन्हाच्या प्रत्येक दिवशी तेवढी वीज वाया घालवत होती. कमिटीतील एक गृहस्थ म्हणाले, की बिल्डरने परवानगीपुरते बसवून दिले, पुढे कोणी लक्ष घातले नाही. खरे कारण मुलाने पाइपवर हात ठेवून दाखवले : पाइपात गार झालेले पाणी टाकीकडे परत नेणारी परतीची वाहिनी आणि लहान पंप गरम पाण्याच्या लाइनला नसल्यामुळे खालच्या मजल्यांवर सकाळी आधी बादल्याच्या बादल्या थंड पाणी येई, आणि पाणी टंचाईच्या दिवसांत ते ओतून देण्यापेक्षा लोकांनी गीझरचे बटण दाबले.

सोयीपुढे सूर्य हरल्याची ही पहिली वेळ नाही. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने सौर बंबाचे पेटंट १८९१ मध्ये घेतले, कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने १९०९ मध्ये उष्णतारोधक टाकी वेगळी करून रात्रीही पाणी गरम ठेवले, आणि तिथे स्वस्त नैसर्गिक वायू मिळू लागताच तो सगळा धंदा बसला. ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने विजेची जोड लागणारच; पण उरलेल्या आठ महिन्यांचे ऊन कोरड्या नळ्यांवर घालवण्याला कोणतेही समर्थन नाही.

मुलाने निकामी नळ्या, गॅस्केट, क्षार काढण्याचे काम आणि परतीच्या लाइनचा पंप असा अंदाज कागदावर लिहून दिला, आणि दुरुस्ती होईपर्यंत नळ्यांवर ताडपत्री टाकायला वॉचमनला सांगितले. मावशीने तो कागद अर्जासह कमिटीकडे दिला आहे. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे आणि सर्वांत खालच्या मजल्यावरच्या तीन कुटुंबांनी त्या अर्जावर सह्या केल्या आहेत.