इमोजी आला की पुढचा मजकूर गायब

निपाणीत आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, आम्ही तो कॉम्प्युटरवरच्या ऑर्डरींच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो. खानापूरच्या एका ऑर्डरीत हात जोडलेल्या इमोजीपुढचं सगळं उडालं, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता धरून. प्रूफ वाचताना सापडलं म्हणून निभावलं.

सॉफ्टवेअर देणाऱ्यांचं उत्तर एकच: "इमोजी काढून टाकत जा, साहेब." अजून राग येतो. गिऱ्हाइकाचं काहीच चुकलं नव्हतं. सॉफ्टवेअर मजकूर ज्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठवतं, त्याची अक्षरं साठवायची जुनी पद्धत, 'यूटीएफ८', एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट (साठवणुकीचं माप) देते. मराठी आणि कन्नड अक्षरं तेवढ्यात बसतात, म्हणून दोन्ही भाषांच्या पत्रिका कायम नीट निघाल्या. हात जोडलेल्या इमोजीला ४ लागतात. त्यासाठीचं 'यूटीएफ८एमबी४' २०१० सालीच ५.५.३ आवृत्तीत आलंय!

मग डेटाबेसमधलं टेबल, म्हणजे ऑर्डरींचा तक्ता, नव्या पद्धतीवर बदलायला मीच बसलो आणि तिथं गाडी रुतली. एरर यायची: 'की' (key, म्हणजे इंडेक्समधली नोंद) फार लांब, मर्यादा ७६७ बाइट. पुन्हा फोन, पुन्हा "बघून सांगतो". कुणी काही सांगितलं नाही. शेवटी वही घेऊन गुणाकार मांडला. गिऱ्हाइकाच्या नावाचा रकाना २५५ अक्षरांचा, त्यावर इंडेक्स, म्हणजे नाव पटकन शोधायची सूची. २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, कसंबसं बसत होतं. गुणिले ४ केलं की १०२०. इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांपुरता केला, ७६४ बाइट झाले आणि टेबल बदललं. रकाना २५५ चाच राहिला, नावं कापली गेली नाहीत. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. तुमच्याकडे ५.७ किंवा पुढची आवृत्ती असेल आणि टेबल डायनॅमिक रो फॉरमॅटमध्ये (ओळी साठवायची एक पद्धत) असेल, तर मर्यादा ३०७२ असते, ही कटकट नाही.

तरी मजकूर तुटतच होता, कारण सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडलं जाताना जुनंच 'यूटीएफ८' सांगत होतं. कनेक्शनच्या सेटिंगमध्येही एमबी४ लिहा.

हो, बॅकअप या सगळ्याच्या आधी घ्या. आणि इमोजीच्या जागी नुसता चौकोन दिसला तर घाबरू नका. विंडोज ७ च्या मशीनवर तो बहुतेक वेळा फॉन्टचा प्रश्न असतो. तोच मजकूर मोबाइलवर पाठवून बघा, इमोजी दिसला तर डेटा शाबूत आहे. पूर्वी तुटलेला मजकूर मात्र परत येत नाही, गिऱ्हाइकाकडून मूळ मेसेज पुन्हा मागवा.