अश्वगंधा घ्या, पण थंडाईतली खसखस आधी काढा

कोल्हापुरात ताकदीचा विषय निघाला की दूध आणि अश्वगंधा ही जोडी येतेच. गंगावेस, मोतीबागेतले पैलवान असोत की शाहू स्टेडियमवर उतरणारी पेठेतली फुटबॉलची पोरं, कुठल्या ना कुठल्या चूर्णाची चर्चा चालूच असते. पण आधी खुराक, मग चूर्ण. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात.

खुराक म्हणजे थंडाई. एका माणसाला 20 बदाम, रात्रभर भिजवून सोललेले, सोबत अर्धा चमचा बडीशेप, चार-पाच काळी मिरी, दोन वेलच्या. बदाम कुंडीत आधी तसेच घोटायचे, पाणी चमच्याचमच्यानं घालायचं. सुरुवातीलाच पाणी ओतलं की बदाम सोट्याखालून निसटतात, भरड उरते आणि ती ग्लासाच्या तळाशी बसते. लगदा मऊ होऊन कडेला तेलाची चमक दिसली की 300 मिली म्हशीच्या दुधात कालवायचा. यातून 17 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि 400 हून जास्त कॅलरी मिळतात. कुठल्याही चूर्णाच्या चमच्यातून एवढं मिळत नाही. जोर झाल्यावर अर्ध्या तासानं प्यावी, लढतीआधी नको. म्हशीच्या दुधाचं स्निग्ध पोटात रेंगाळतं.

आता अश्वगंधा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 57 तरुणांना 8 आठवडे वजनांचा व्यायाम दिला. त्यातल्या निम्म्यांना रोज 600 मिलिग्रॅम मुळाचा अर्क मिळाला. त्यांचं बेंच प्रेसचं वजन सरासरी 46 किलोंनी वाढलं, नुसता व्यायाम करणाऱ्यांचं 26 किलोंनी. आकडा भारी आहे, पण ही मुलं वजनांच्या व्यायामात जवळपास नवखी होती. दहा वर्षं माती अंगाला लावलेल्या पैलवानानं एवढी अपेक्षा धरू नये. त्याला झालाच तर फायदा झोपेत आणि थकवा लवकर उतरण्यात होईल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्क आणि चूर्णाचा. चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. अर्क मात्र आटवलेला असतो, त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये. वस्तादांनी सांगितलेला ‘एक चमचा’ हा चूर्णाचा असतो. पोरगं तोच चमचा अर्काच्या डब्यात घालतं आणि पाच-सहापट मात्रा पोटात जाते. मग जुलाब, मळमळ, दिवसभर सुस्ती. चूर्ण पहिला आठवडा दीड ग्रॅम, रात्री जेवणानंतर कोमट दुधातून. पोट ठीक राहिलं तर 3 ग्रॅम. आठ ते बारा आठवड्यांनी थांबावं. सकाळी जोर मारायच्या आधी घेऊ नये, गुंगी येते. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून तपासणी करा. क्वचित का होईना, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि तालमीत राहणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांना तर हे देऊच नये. त्यांना दूध वाढवा.

शक्यतो सुटी पूड घेऊ नका. आख्खी मुळं घ्यावीत: बाहेरून फिकट तपकिरी, आतून पांढरट, मोडली की कट्कन तुटणारी. पिठूळ असल्यानं त्यांना कीड लवकर लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पूड गोळा होते. थोडीच दळून काचेच्या बरणीत ठेवा.

ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोखरूवर मी पैसे घालणार नाही. 2007 साली ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या खेळाडूंवर 5 आठवडे प्रयोग झाला, ताकदीत काही फरक पडला नाही.

मॅटवर राष्ट्रीय पातळीला खेळणाऱ्यांसाठी खरा धोका वेगळाच आहे, डोपिंग चाचणीचा. अश्वगंधा डोपिंगच्या बंदीच्या यादीत नाही. पण खसखशीतून मॉर्फिनचा अंश लघवीत येऊ शकतो, आणि स्पर्धेच्या काळात मॉर्फिनवर बंदी आहे. हा काळ स्पर्धेच्या आदल्या रात्री 11.59 ला सुरू होतो. म्हणून थंडाईत खसखस घालत असाल तर ती आठवडाभर आधीच काढा. भांगेचा तर विषयच नको. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत ती कित्येक आठवडे सापडते.

त्याहून फसवा कुचला, म्हणजे एका विषारी झाडाचं बी. अंगदुखीला, पोटाला म्हणून घेतलेल्या विषतिंदुक वटीत आणि अग्नितुंडी वटीत तो असतो. कुचल्यातलं स्ट्रिक्नीन उत्तेजक म्हणून स्पर्धेत बंद आहे. सोमलता म्हणून मिळणाऱ्या एफेड्रातलं एफेड्रीनही तसंच. गुळवेल घेताना जात बघा: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया चालते, पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पात हायजेनामाइन असतं आणि त्यावर बाराही महिने बंदी आहे. वेल कुंपणावरून तोडून आणली असेल तर ही खात्री कशी करणार?

‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. चाचणीसाठी नमुना देताना फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली औषधं आणि पूरकं लिहावी लागतात. तिथं चूर्ण, काढा, वटी सगळं लिहा. डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा आणि त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवा.